पडद्याच्या जागी दार

पाथरीत आमच्या घराचं बाहेरचं दार भक्कम आहे. आत मात्र तीन खोल्या आणि तीन पडदे. पोरं लहान होती तोवर निभावलं. थोरली दहावीला गेली, अम्मी कायमच्या राहायला आल्या आणि पडदे अपुरे पडू लागले. फज्रच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातल्या लहान मुलांनीही विचारूनच आत यावं, असं सूरह नूरमध्ये सांगितलं आहे. "पण पडद्यावर टकटक कशी करायची?" हे अम्मींनीच एकदा विचारलं.

दारं आपणच करायची असं ठरलं. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ती ऐकवून अम्मींनी आम्हाला कामाला लावलं.

लाकूड जुनं घेतलं. आपल्या मराठवाड्यात माळवदाची घरं पाडून स्लॅब पडतोय, त्यामुळे सागाच्या तुळया आणि खांब विकायला निघतात. हे लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. मात्र आत खिळे दडलेले असतात. चिरायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून ते काढा; आम्ही कंटाळा केला आणि रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी गेलं. लाकडावर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ पोरांच्या पोटात जाते.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन घोड्या, करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि चार शिकंजे. एवढ्यावर दार होतं. पहिलं दार अम्मींच्या खोलीचं केलं, तेही सरळ फळ्या शेजारी शेजारी चिकटवून, मागून आडव्या पट्ट्या ठोकून. मे महिन्यात बसवलं. चौकटीत असं चपखल बसलं की आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं!

पुढे पावसाळ्यात, झड लागलेली असताना एका दुपारी अम्मींनी आतून कडी लावली. असरच्या वेळी कडी निघाली, पण दार हलेना. आत अम्मी, बाहेर आम्ही. त्या घाबरल्या, त्यांना दम लागायला लागला. "अम्मी, मागे पलंगावर बसा," असं ओरडून आम्ही खांद्याने दार ढकललं. चौकटीचा टवका उडाला तेव्हा कुठे ते उघडलं. नंतर पंधरा दिवस त्यांनी दार ओढूनसुद्धा घेतलं नाही.

शेजारच्या सुतारकाकांनी दार बघितलं, खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथं रंग लावलाच नाही की. लाकूड कापलं तरी पाणी पितंच हो."

चूक तिथेच होती. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठाक. दोन महिन्यांत तीच हवा ओली होते. फळ्यांचं अखंड दार ही सगळी वाढ चौकटीवर ढकलतं. म्हणून सुतार दाराला आधी दोन उभ्या आणि तीन आडव्या पट्ट्यांचा सांगाडा करतात आणि मधल्या फळ्या त्याच्या खाचेत मोकळ्या सोडतात. फळी खाचेतल्या खाचेत फुगते, दाराची रुंदी फारशी बदलत नाही.

दुसरं दार तसं केलं. दार 30 इंच रुंद, उभ्या पट्ट्या 4 इंची, म्हणजे आडवी पट्टी दिसायला 22 इंच. पण दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंचाचं कुसू हवं, म्हणून ती 27 इंच कापायची. हे विसरून एक पट्टी आम्ही 22 इंचच कापली. (तिचं आता स्वयंपाकघरात फडताळ झालंय.) कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा आणि उभ्या पट्टीतल्या भोकात हाताने दाबून जाईल इतकंच तासा. हातोडा लागला तर पट्टी फुटते.

गोंद फक्त या सांध्यांना लावायचा, फळीला अजिबात नाही. खाच अर्धा इंच खोल असेल तर उन्हाळ्यात वाळलेल्या फळीला दोन्ही बाजूंना सूत-सूत जागा मोकळी ठेवा. फळीला पॉलिश मात्र जोडण्याआधी करा, नाहीतर हिवाळ्यात ती आकसली की कडेला पांढरी रेघ दिसते. शिकंजे आवळल्यावर दोरीने दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच दार काटकोनात आहे.

जुनी चौकट सहसा सरळ नसते. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत कमी भरेल ती धरा. बाजूंना एक सूत फट पुरे. उन्हाळ्यात बसवत असाल तर कडीच्या बाजूला दीड. खाली सतरंजी अडणार नाही इतकं उचला. बिजागऱ्या तीन. आणि टांगण्याआधी दार उलटं करून वरच्या-खालच्या कडांना दोन हात रंग द्या. टांगल्यावर खालच्या कडेपर्यंत हात पोचत नाही.

अम्मींचं जुनं दार आम्ही बाजूने रंधून सैल केलं, कडा रंगवल्या आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॅच बसवलं. आता त्या दार लावून झोपतात.

तिसरं दार थोरलीचं. ते अजून घोड्यांवर आहे, एक हात पॉलिश बाकी. तिने आपल्या भावाला आत्ताच बजावून ठेवलंय की तीनदा टकटक करायची आणि उत्तर नाही आलं तर मागे फिरायचं. तो सध्या शेडमध्ये जाऊन त्याच दारावर सराव करतोय.