उंचीवरून वय मोजू नका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मावशी आणि तिच्या मुलाबरोबर मी बसने गावी निघालो होतो. मुलगा ९ वर्षांचा. त्याचे अर्धे तिकीट मागितले, तेव्हा कंडक्टरने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि पूर्ण तिकीट फाडले. मी कन्नडमधून वय सांगून पाहिले, पण उपयोग झाला नाही. पैशांचे एवढे काही वाटले नाही. मात्र गर्दीला बुजून तो मावशीच्या पदराआड लपला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "एवढा घोडा झाला, तरी आईचा पदर सुटत नाही!" ते मनाला लागले.

या मुलाला सोटोस सिंड्रोम आहे. १९६४ साली अमेरिकेत डॉ. हुआन सोटोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००२ साली जपानी संशोधकांनी त्याचे मूळ शोधले. पाचव्या गुणसूत्रावरील 'एनएसडी-१' या जनुकात बिघाड होतो. साधारण १० ते १४ हजार जन्मांमागे असे एक मूल असते.

ही मुले कोणत्याही देशातली असोत, त्यांच्यात विलक्षण साम्य आढळते. डोके मोठे, कपाळ रुंद, हनुवटी निमुळती, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे किंचित उतरते आणि उंची वयाच्या मानाने पुष्कळ. जाणकार डॉक्टरांना पुष्कळदा चेहऱ्यावरूनच शंका येते.

दुसरे साम्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. स्नायू सैल असल्यामुळे ही मुले उशिरा चालतात, उशिरा बोलतात. बहुतेकांना शिकणेही जड जाते. कोणाला थोडे, कोणाला फार. म्हणजे शरीर पुढे धावते आणि बाकीचे सावकाश येते. आपण मात्र ९ वर्षांच्या मुलाकडून १३ वर्षांच्या मुलाची समज मागतो. माझ्या या भावाला उंच म्हणून शाळेत शेवटच्या बाकावर बसवले होते. खरे तर त्याची जागा फळ्याजवळ हवी होती.

मावशीलाही कमी ऐकावे लागले नाही. "ग्रहणात काही चिरले-कापले होतेस काय?" असे घरच्यांनीच विचारले. वस्तुस्थिती अशी की बहुसंख्य मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांत तो नसतो. त्यात कोणाचाच दोष नाही.

कोणी म्हणेल, कंडक्टरला हे सारे कसे माहीत असणार? कबूल. रोगाचे नाव त्याला ठाऊक असावे, अशी माझी अपेक्षाच नाही. पण आईने सांगितलेले वय खरे मानायला वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी एकाच आकड्यावरून पेढीची स्थिती ठरवत नाही. मग नुसत्या उंचीवरून मूल कसे ठरवता येईल?

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील. वर्गात असा उंच, गप्प मुलगा आला, तर आधी त्याचे वय विचारा आणि त्याला पुढच्या बाकावर बसवा.