आर्द्रेच्या दोन दिवस आधी

पुण्याच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसार मालाची पेढी सांभाळलेल्या दादाजींना त्यांची नात जूनच्या २० तारखेला एका कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. सनदी लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करणाऱ्या नातीच्या हाती पहिले विद्यावेतन आले होते. काचेच्या कपाटात आंब्याचे सारण भरलेल्या पफ पेस्ट्रीची चवड होती आणि पुढे पाटी : ‘फक्त आंब्याच्या हंगामात’. पाटीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. नातीपुरता प्रश्न तिथेच मिटला. दादाजींचा तिथून सुरू झाला.

पोत्यावरचा शिक्का पाहून त्यांनी कधी गहू घेतला नव्हता. टोकदार नळी खुपसून आतले दाणे तळहातावर घेतल्याखेरीज त्यांच्या पेढीवर सौदा होत नसे. त्यांनी काउंटरवरील मुलाला सौजन्याने विचारले, ‘वरची चकाकी अंड्याची की दुधाची? सारण घट्ट कशाने केले?’ मुलगा वैतागला नाही. आत जाऊन त्याने खोकेच आणले. (असा नोकर लाभायला मालकाचेही पुण्य लागते.) बारीक अक्षरे नातीने वाचून दाखविली : मैदा, लोणी, साखर, आंब्याचा गर, पेक्टिन. पेक्टिन हा ४४० क्रमांकाचा पदार्थ फळांच्या सालीतून काढतात. जनावरांच्या कातडी-हाडांपासून होणारे जिलेटिन ते नव्हे. अंडे कुठेच नव्हते.

‘आणि ती अक्रोडाची?’ दादाजींनी शेजारच्या ताटाकडे बोट केले. हिवाळाभर नातीने जिची स्तुती केली होती, ती हीच. दुसरे खोके आले. नात वाचता वाचता थांबली. साखरेनंतरचा शब्द होता : मध.

‘पण ठिपका तर हिरवा आहे!’

ठिपका खोटा नव्हता. लेबलांविषयीच्या २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध जसे वगळले आहे तसाच मधही वगळला आहे. अंडे असेल तर तपकिरी त्रिकोण छापावा लागतो; मध असेल तर हिरवा ठिपका चालतो. कांदा, लसूण, बटाटा यांनाही तोच ठिपका. सरकारने शाकाहाराची व्याख्या केली आहे, श्रावकाच्या आहाराची नव्हे, आणि ती करावी अशी अपेक्षाही रास्त नाही.

नातीने पाठशाळेत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग नऊ वर्षांची असताना घेतला होता. तिचे डोळे भरून आले. दादाजी रागावले नाहीत. ‘अजाणता झाले, बेटा. आज प्रतिक्रमणाला बसशील तेव्हा मिच्छामि दुक्कडं म्हण. आता कॉफी मागव, सूर्यास्ताला अजून तासभर आहे.’

आंब्याची पेस्ट्री आली. ओव्हनमध्ये तापवू नये, असे दादाजींनी आधीच सांगितले होते, कारण त्याच ओव्हनमध्ये मांसाचे पदार्थही तापवले जात होते. चिमटाही धुऊन घ्यायला लावला. थंड पेस्ट्रीचे पापुद्रे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडले. गर जिभेवर येताच ते किंचित हसले. ‘हापूस नाही हा. तोतापुरी आहे, डब्यातला.’ खोक्यावर जात लिहिलेली नव्हती. तरी गोडी बरी होती. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी नातीपुढे सरकवली.

‘ही किती दिवस मिळणार?’ त्यांनी मुलाला विचारले.

‘जुलै संपेपर्यंत, आजोबा.’

आपल्या अनेक श्वेतांबर घरांत आंब्याचा हंगाम दुकानदार ठरवीत नाही. २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात प्रवेश करतो, आणि पावसाळी दमट हवेत फळात जीवोत्पत्ती होते म्हणून त्या दिवसापासून आंबा वर्ज्य होतो. नातीला मात्र उमेदवारीतली शंका सुचली : गर आर्द्रेच्या आधीच डब्यात बंद झाला असेल तर?

दादाजींनी क्षणभर विचार केला. ‘चातुर्मासासाठी महाराजसाहेब येतील, त्यांना तूच विचार. मलाही ऐकायचे आहे.’

बिल नातीने चुकते केले. बाहेर हातगाडीवर केशर आंबे होते. दोन दिवसांत घरातल्या सात माणसांना किती पुरतील याचा हिशेब करून तिने दीड डझन घेतले. दादाजींनी प्रत्येक आंबा देठाशी हुंगून पाहिला आणि त्यातले तीन बदलून घेतले.