अर्धेच वचन

चर्चमध्ये स्त्रीने डोके झाकावे का, हा वाद निघाला की करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडला जातो. पाचव्या वचनावर बोट ठेवले जाते. वाचले जाते मात्र अर्धेच वचन. पौल तिथे निमूट बसून ऐकणाऱ्या स्त्रीविषयी लिहीतच नाही. सभेत प्रार्थना करणाऱ्या, ईश्वरी संदेश देणाऱ्या स्त्रीविषयी लिहितो. तिने बोलावे की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. ती बोलते, हे तो धरूनच चालतो. बोलताना डोक्यावर वस्त्र असावे, एवढेच त्याचे म्हणणे.

पुढे वस्त्र तेवढे राहिले, संदेश गेला. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदासंहितेतले १२६२ वे कलम पाहा. स्त्रियांनी डोके झाकावे, विशेषतः प्रभुभोजन घ्यायला पुढे येताना, असे ते सांगते. तिच्या बोलण्याचा त्यात उल्लेखही नाही. १९७६ साली व्हॅटिकनने ही सक्ती किरकोळ शिस्तीची बाब ठरवली. ज्या निवेदनात ती ठरवली, ते काढले होते स्त्रियांना धर्मगुरुपद नाकारण्यासाठी. आणि स्त्रीला सभेत संदेश देण्याचा अधिकार पौलाला मान्य होता, हेही त्याच निवेदनात लिहिलेले आहे! १९८३ च्या संहितेत डोके झाकण्याचे कलम उरले नाही. शास्त्रवाचकाचे विधिवत पद स्त्रियांना खुले व्हायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

ब्रदरेन मंडळ्यांची परंपरा तर अधिक कठोर. बहिणींनी डोके झाकायचे आणि सभेत गप्पही राहायचे. झाकण्यासाठी अकराव्या अध्यायाचा आधार, गप्प बसवण्यासाठी चौदाव्याचा. एकाच पत्रातल्या या दोन अध्यायांचा मेळ कसा घालायचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण दोन्हींतले बंधन उचलायचे आणि मोकळीक तेवढी गाळायची, याला वचनाशी निष्ठा म्हणता येणार नाही.

आपल्याकडे वेगळे घडलेले आहे. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली आणि बाया मोठ्याने प्रार्थना करत होत्या. तिथून त्यांची पथके सुवार्ता सांगायला बाहेर पडली. करिंथच्या त्या सभेला जवळचे असे आपल्या मातीत काही असेल, तर ते हे.

प्रार्थनेला उभी राहताना जी मनापासून पदर घेते, तिच्या श्रद्धेला बोल लावण्याचे कारण नाही. बोल आहे तो सक्ती करणाऱ्यांना. पाळकांनी आणि मंडळीतल्या वडिलांनी पाचवे वचन पूर्ण वाचावे. बहिणींना डोके झाकायला सांगायचेच असेल, तर येत्या रविवारी व्यासपीठही त्यांना द्यावे.