हाड जुळले, हात कामाचा झाला का?



पावसाळ्यात आपल्या परभणी जिल्ह्यातील काळी माती पादत्राणांना धरून बसते आणि अंगणातील फरशी शेवाळून निसरडी होते. ओलेत्याने लगबगीने चालताना एखाद्याचा तोल जातो. तोल गेला की मनुष्य नकळत हात पुढे टेकतो. शरीराचा सारा भार तळहातावर येतो आणि तेथून मनगट, कोपर, खांदा असा वर चढतो. वयस्कांत बहुधा पहिला आघात सोसावा लागतो तो मनगटाला.

अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड मनगटाच्या किंचित वर मोडते आणि हाताला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. या मोडीचे सविस्तर वर्णन आयर्लंडमधील शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा क्ष-किरण ज्ञात नव्हते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या जर्मनीत रोंटगेन यांनी त्यांचा शोध लावला तो १८९५ मध्ये. कॉलिस यांना केवळ स्पर्शावरून निदान करावे लागे. आज तालुक्याच्या गावी काही मिनिटांत क्ष-किरण चित्र निघते, तरी आपण ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणत तेल चोळत बसतो. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

पडल्यावर प्रथम अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवावे. सूज चढल्यावर ती कापावी लागतात. घडी केलेले मासिक किंवा पुठ्ठा हाताखाली ठेवून सैलसर बांधावे, हात झोळीत घ्यावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. चोळणे, ओढणे, ‘बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे. कामट्या घट्ट आवळून बांधल्यास रक्तप्रवाह अडतो आणि हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

हाड जागेवर असेल तर साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर पुरते. सरकले असेल तर भूल देऊन ते जुळवतात. गरजेनुसार तारा किंवा धातूची पट्टी बसवतात. प्लास्टरनंतर वेदना वाढत गेल्या, बोटे बधिर, थंड वा निळसर झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. पडल्यानंतर तेथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या चित्रात ही मोड पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर आधार बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावयास सांगतात. तो खर्च वायफळ समजू नये. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने दुर्लक्ष झाल्यास ते जुळत नाही आणि मनगट कायमचे दुखरे होते.

बँकेतील सेवाकाळात नोव्हेंबर महिना आला की हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागे. त्या रांगेत उजवा हात गळ्यात अडकवलेली एखादी आजी असे. सही करता येत नसेल तर पैसे काढताना अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. त्यामुळे काम अडत नसे. परंतु त्यांतील काही जणी पुढच्या वर्षी प्लास्टर निघालेल्या हाताने आल्या, तरी पेन धरता येत नव्हते. हाड जुळले होते. बोटे आणि खांदा आखडून गेले होते. हाड जुळणे आणि हात कामाचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रांगेने शिकवले.

म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्लास्टर असतानाच बोटे दिवसातून अनेकदा पूर्ण मिटावीत व उघडावीत; कोपर आणि खांदा हलवावा. मधुमेह्यांनी तर विशेष जपावे. त्यांचा खांदा आखडण्याचा धोका अधिक असतो आणि तो सुटायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

खांदा निखळल्यास त्याची गोलाई जाते आणि हात हलवता येत नाही. तो झटका देऊन बसवण्याचा प्रयत्न घरी करू नये. शीर किंवा हाड दुखावते. चित्र काढून डॉक्टर तो बसवतात आणि काही आठवडे झोळी देतात. तरुणांत तो पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. वयस्कांत आतील स्नायुबंध फाटलेले असू शकतात. खांदा बसल्यावरही हात वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणीविषयी विचारावे.

मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर याचे उदाहरण येथे बोलके आहे. २३ मार्च २०२१ रोजी पुण्यात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात चेंडू अडवताना त्याचा डावा खांदा दुखावला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, पुढील काही महिने व्यायामात गेले. नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणातच त्याने १०५ धावा केल्या. आपल्याला शतक करावयाचे नाही. पण वेणी घालणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे यासाठीही तीच चिकाटी लागते.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडले तर ती हाडे ठिसूळ झाल्याची पहिली सूचना समजावी. तेव्हाच हाडांची घनता तपासणारी डेक्सा चाचणी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी याविषयी डॉक्टरांना विचारावे. दूध, ताक, तीळ, नाचणी, राजगिरा आहारात असावेत, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. आज दुर्लक्ष केले तर पुढचे पडणे खुब्यावर बेतू शकते.

घरात कोणाचे प्लास्टर नुकतेच निघाले असेल तर ‘बरे वाटते का?’ एवढेच विचारून थांबू नका. आजच मूठ किती वळते, हात कानापर्यंत जातो का, ते पाहा; आणि दररोज व्यायाम मोजण्याचे काम एखाद्या नातवंडाकडे सोपवा.