दोष शिकणाऱ्याचा नाही, शब्दांचा आहे

गिट शिकताना गोंधळलेल्या मुलांना सगळीकडून एकच उत्तर मिळतं: "आधी नीट समजून घ्या." मला हे उत्तर मान्य नाही. समजून घ्यायला ती तयारच असतात. त्यांच्यापुढे ठेवलेले शब्दच धड नाहीत.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. जाणकारांनी जाणकारांसाठी बनवलेलं हत्यार होतं ते. त्याबद्दल तक्रार नाही. पण आज तेच हत्यार कॉलेजच्या पहिल्या प्रोजेक्टला मुलांच्या हाती दिलं जातं आणि इजा झाली की दोष हाताला दिला जातो.

'गिट चेकआउट' घ्या. ब्रँच बदलायची असली तरी चेकआउट, फाइलमधले बदल टाकून द्यायचे असले तरी चेकआउट. ब्रँच बदलताना तुमचं न नोंदवलेलं काम पुसलं जाणार असेल तर गिट अडून बसतं. त्याच आज्ञेपुढे फाइलचं नाव लिहिलं, की दिवसभराचं काम न विचारता पुसून टाकतं. कमिट केलेलं काम रिफ्लॉगमधून बहुधा परत मिळतं, हे गिटकडून मिळत नाही. राखणारा आणि बुडवणारा एकाच नावाने वावरत असेल, तर नवख्याने ओळखायचं कसं?

'रिव्हर्ट'ची तीच गत. सबव्हर्जनमध्ये त्याचा अर्थ फाइलमधले ताजे बदल टाकून देणं. गिटमध्ये जुना कमिट उलटवणारा नवा कमिट करणं. कमिटआधी बदल जिथे मांडून ठेवतात त्या एका जागेला इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने शब्दकोश उघडला तर चेकआउट म्हणजे हॉटेलची खोली सोडणं! मग ती स्वतःलाच मठ्ठ समजू लागते. हे नुकसान पुसल्या गेलेल्या फाइलपेक्षा मोठं आहे.

"नावं बदलली तर जुन्या स्क्रिप्ट मोडतील," असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळून गेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ ने दोन कामांना दोन आज्ञा दिल्या: ब्रँचसाठी 'स्विच', फाइलसाठी 'रिस्टोर'. चेकआउट जागेवरच राहिलं, कुणाची स्क्रिप्ट मोडली नाही. तरीही कित्येक वर्गांत आणि नोट्समध्ये चेकआउटच चालतं. कारण एकच, शिकवणाऱ्याची सवय. आपण ठेचा खाऊन शिकलो, म्हणून पुढच्यानेही खाव्यात, याला मी शिकवणं म्हणत नाही.

रिस्टोरही पुसण्याआधी विचारत नाही, हे खरं. पण विचारणं गिटला जमत नाही असं नाही. नोंद नसलेल्या फाइली काढणारं 'गिट क्लीन' मूळ सेटिंगमध्ये जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय काहीही काढत नाही. अनोळखी फाइलला जी दया दाखवता, ती रोज हाताखाली असलेल्या फाइलला का नको?

शिकवणाऱ्यांनो, उद्याच्या तासाला फळ्यावर 'स्विच' आणि 'रिस्टोर' लिहा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.