हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका

मैत्रिणींनो, काळाचौकीहून भाऊचा धक्का जवळच. त्यामुळे मांडव्याला जायला जुनी केबिनवाली बोट घ्यायची टूम आपल्या घरांतही कधी निघते. विकणारा आधी हॉर्सपॉवर सांगतो. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी ऐकावी.

पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. पाण्यातली लांबी २५ फूट असेल तर जेमतेम ७ नॉट. जास्तीचं इंजिन नुसतं डिझेल पितं. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला मात्र ताकद कमी पडली, तर ती वर येतच नाही.

म्हणून टाक्या भरून, नेहमी नेणार तेवढी माणसं बसवून चाचणी घ्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने कंपनीने सांगितलेले आरपीएम गाठले पाहिजेत. ते न गाठता काळा धूर येत असेल, तर पंखा चुकीचा, बूड शेवाळलेलं किंवा इंजिन थकलेलं असू शकतं. चाचणी फेरीबोटींच्या वाटेपासून लांबच करा. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची बोट ‘नीलकमल’वर आदळली, हे आपण विसरलेलो नाही.

पैसा घराचा, जीवही घरातलेच. त्या फेरीला आपणही बसावं.