शुल्क घेतले, मग जबाबदारी कुणाची?

रात्री झोपण्याआधी दिवा विझवा, चूल पेटती ठेवू नका, अशी पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये नोंदलेली आहे. आगीची काळजी आपल्या घरापासून सुरू होते, हे मान्यच आहे. पण उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने आपल्या घरातला गॅस बंद केला, म्हणून तो निर्धास्त झोपू शकतो का? तळमजल्यावर कपड्यांचे गोदाम असते. विजेचे सगळे मीटर एकमेव जिन्याखाली असतात. आणि गल्ली इतकी अरुंद की बंब आत येणेच कठीण. यातले त्याच्या हातात काय आहे?

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचे असते. कागदावर हे ठीक दिसते. पण जिथे बिल्डर केव्हाच निघून गेला, सोसायटी नोंदलेली नाही, भोगवटा प्रमाणपत्र कुणी पाहिलेले नाही, तिथे हे प्रमाणपत्र द्यायचे कुणी?

उल्हासनगरमध्ये अशा इमारती रातोरात उभ्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर लष्करी बराकींत निर्वासितांना वसवून हे शहर बनले. त्याच जागांवर पुढे मजल्यावर मजले चढले. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितले, तेव्हा सरकारने २००६ मध्ये खास या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा केला. हजारो कुटुंबे बेघर होऊ नयेत, ही भूमिका चुकीची नव्हती. पण शुल्क भरून कागद सरळ होतो, जिना रुंद होत नाही.

त्याची किंमत पुढे दिसली. मे २०२१ मध्ये मोहिनी पॅलेस आणि साई शक्ती या इमारतींचे स्लॅब दोन आठवड्यांच्या अंतराने कोसळले. साई शक्तीत सात जण गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मधल्या मानस टॉवरमध्ये चार जण गेले. तिथे आग नव्हती, स्लॅब होता. पण मूळ एकच: इमारत बांधली जात असताना आणि नंतर लोक राहत असताना, कुणी तपासलेच नाही.

मग जाब कुणाला विचारायचा? दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ माणसे मेली. उच्च न्यायालयाने मालकासोबत महापालिका, पोलीस आणि वीज मंडळालाही भरपाईचे वाटेकरी धरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिका आणि पोलिसांना त्यातून वगळले. ८५ टक्के भार मालकावर, १५ टक्के वीज मंडळावर राहिला. म्हणजे परवाना देणारा सुटला. याउलट लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे गेली, तेव्हा चौकशी अहवालाने कंपन्यांइतकेच अनेक वर्षे झोपून राहिलेल्या सरकारलाही दोषी धरले. मेलेल्यांत मुस्लिम कुटुंबे बरीच होती. पण तो प्रश्न धर्माचा नव्हता, तसा इथलाही नाही. आपल्याकडे जिना सिंधी, मराठी, मुस्लिम सगळ्यांचा एकच असतो.

रहिवाशांचीही चूक आहे. जिन्यात सामान ठेवणारे, गच्चीला कुलूप लावणारे आपणच. ते आजच बंद करू या. पण आपली चूक दाखवून पालिकेला सुटता येणार नाही. तिने नोटीस चिकटवून हात झटकू नयेत. स्वतःच्या खर्चाने तपासणी करावी, धोकादायक इमारतींची यादी लोकांसमोर ठेवावी, आणि घर रिकामे करायला सांगताना राहायला जागाही द्यावी.

नदीकाठी एखादे जनावर दगावले तरी त्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल, अशी धास्ती हजरत उमर यांना वाटायची, असे सांगतात. सत्ता ही अमानत आहे. शुल्काची पावती फाडणाऱ्याने तिच्यासोबत जबाबदारीही घेतलेली असते.